डोंगराच्या पोटातली घरे

रामदासपेठेत आमचा प्रौढांचा वर्ग भरतो. वर्गाच्या भिंतीवर एक जुने चित्र लावलेले आहे. चित्रात एक पुरुष आहे. त्याच्या हातात कमळ आहे. डोळे खाली झुकलेले आहेत. डोक्यावर मुकुट आहे, पण चेहऱ्यावर राजाचा तोरा नाही. जणू कुणाचे तरी दुःख त्याला समोर दिसत आहे.

एके दिवशी वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "बाई, हे चित्र कोणी काढलं?"

आम्ही सांगितले, "नाव ठाऊक नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी काढलं. अजिंठ्याच्या लेण्यात, डोंगराच्या पोटात."

मावशी म्हणाल्या, "डोंगराच्या पोटात? तिथं कोणी राहत होतं का?"

प्रश्न साधा होता, पण नुसते सांगून त्याचे उत्तर पटणारे नव्हते. म्हणून आम्ही ठरवले की मंडळींना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि डोळ्यांनी पाहायचे.

रामदासपेठेपासून दीक्षाभूमी फार दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या मंडळींपैकी काहींचे वाडवडील त्या दिवशी तेथे होते. बुद्धाचे नाव त्यांना घरचे. पण जुन्या काळी बुद्धाचे भिक्खू राहत कुठे, खात काय, निजत कशावर, हे कुणाला माहीत नव्हते.

वाटेवर

रात्रीच्या गाडीने आम्ही नागपूर सोडले. बरोबर भाकरी, ठेचा आणि चिवडा होता. वर्धा, अकोला, भुसावळ मागे टाकून सकाळी जळगावला उतरलो. जळगावाहून लेणी सुमारे साठ किलोमीटर आहेत. मोटारीने फर्दापूरच्या तिठ्यावर आलो. आपली गाडी तेथेच ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचे. गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे.

तिकिटे काढली आणि एक वाटाड्या बरोबर घेतला. तो जवळच्याच गावचा होता. जवळ एक लेणापूर नावाचे गावही आहे. नावातच लेणे आहे, पाहा!

पायऱ्या चढून वर आलो आणि सगळे एकदम थांबले. समोर वाघूर नदीचे वळण होते. वळणाच्या काठी घोड्याच्या नालासारखा वाकलेला कडा. कडा सुमारे अडीचशे फूट उंच. त्याच्या मधोमध एका ओळीत दारेच दारे! कुठे खांब, कुठे ओसरी, कुठे मोठी कमान. अशी एकूण ३० लेणी येथे आहेत.

"बाप्पा! हे तर गावच हाय," एकजण म्हणाले.

ते खरेच होते. ते भिक्खूंचे गाव होते.

लेणे म्हणजे काय?

आपण घर बांधतो तेव्हा विटेवर वीट ठेवतो. म्हणजे भर घालत जातो. लेण्याचे उलटे असते. अखंड खडकातून नको तेवढा दगड काढून टाकतात. जे उरते ते लेणे. भिंत, छत, खांब, मूर्ती, सारे एकाच दगडाचे. कुठे सांधा नाही, चुना नाही.

आपल्यापैकी अनेकांनी विहीर खणलेली आहे. आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा फत्तर. हा डोंगरही त्याच काळ्या फत्तराचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला. तो थरावर थर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. विहीर आपण खाली खणतो. लेणे करणाऱ्यांनी डोंगरात आडवे खणले.

त्यांच्याजवळ सुरुंग नव्हता, यंत्र नव्हते. होती ती छिन्नी आणि हातोडी. मग एवढे काम कसे केले? त्याचे उत्तर आम्हाला २४ क्रमांकाच्या लेण्यात मिळाले. हे लेणे अपुरे राहिलेले आहे. पुरे झाले असते तर येथल्या सर्वांत मोठ्या लेण्यांत ते गणले गेले असते.

वाटाड्याने विचारले, "सांगा पाहू, आधी काय कोरलं असेल? जमीन का छत?"

"जमीन," सगळे म्हणाले.

"नाही. आधी छत."

विचार केला तर ते शहाणपणाचे आहे. आधी छताजवळचा दगड फोडायचा. खालच्या न फोडलेल्या दगडावर उभे राहून छत नीट करायचे. मग हळूहळू खाली उतरायचे. खांबासाठी दगड जागच्या जागी सोडायचा. असे केले की छतासाठी परांची बांधावी लागत नाही. पायाखालचा डोंगरच परांची होतो. मात्र काम करणाऱ्याचा नेम पक्का हवा. खांबाची जागा चुकून फोडली तर ती पुन्हा भरून काढणे महाकठीण.

आमच्यात विहिरी खणणारे एक काका होते. ते बराच वेळ छिन्नीच्या खुणांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हात सारखा चालला हाय याचा. कारागीर पक्का होता."

पावसाळ्यातले चार महिने

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. येथे कोण राहत होते?

येथे बौद्ध भिक्खू राहत. भिक्खू म्हणजे घरदार सोडून धम्माचा उपदेश करीत फिरणारा माणूस. एका गावी तो फार दिवस राहत नसे. पण पावसाळ्यात फिरणे कठीण. शिवाय एक अडचण होती. आषाढ-श्रावणात शेतात कोवळे अंकुर असतात. जमिनीवर किडा-मुंगी फार असते. भिक्खू त्यावरून चालत, तेव्हा लोक नावे ठेवू लागले. जुन्या बौद्ध ग्रंथांत सांगितले आहे की ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली. तेव्हा त्यांनी नियम केला की पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे. यालाच वर्षावास म्हणतात.

हे ऐकून मंडळींना मोठा आनंद झाला. शेतकऱ्याच्या पिकाची काळजी म्हणून झालेला हा नियम! आणि त्या नियमासाठी निवारा हवा, म्हणून ही घरे.

लेणी दोन तऱ्हेची आहेत. एक विहार आणि दुसरे चैत्य. विहार म्हणजे राहण्याची जागा. मध्ये मोठा चौक आणि तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. १२ क्रमांकाच्या विहारात अशा १२ खोल्या आहेत. एकेका खोलीत दगडाचेच दोन ओटे आहेत. त्यावर भिक्खू निजत. एका आजींनी ओट्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "थंडीत कसं बाई निजत असतील!"

चैत्य म्हणजे प्रार्थनेची जागा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि शेवटी एक घुमटासारखा स्तूप. ९, १०, १९, २६ आणि २९ ही लेणी चैत्य आहेत. बाकीचे विहार आहेत.

ही सगळी लेणी एका वेळी झालेली नाहीत. पहिली काही लेणी दोन हजार वर्षांहूनही जुनी आहेत. ९, १०, १२ ही त्यांतलीच. तेव्हा बुद्धाची मूर्ती करीत नसत. स्तूपालाच वंदन करीत. मग काही शतके काम थांबले. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात पुन्हा छिन्नी चालू लागली. त्या वेळी बुद्धाच्या मूर्ती झाल्या आणि भिंती चित्रांनी भरल्या.

आपल्या विदर्भाचा संबंध

या दुसऱ्या कामाचा आपल्या विदर्भाशी जवळचा संबंध आहे. त्या काळी येथे वाकाटक राजांचे राज्य होते. त्यांची एक शाखा नंदिवर्धनला होती. रामटेकजवळचे नगरधन ते हेच. दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला होती. वाशीमच्या शाखेत हरिषेण नावाचा राजा झाला. त्याच्या वेळी अजिंठ्याचे मोठे काम झाले. १६ क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. तसे तेथल्या शिलालेखात लिहिलेले आहे.

पण सगळाच पैसा राजा आणि मंत्री यांनी दिला असे नाही. या डोंगराजवळून उत्तरेकडून पैठणकडे जाणारी व्यापाराची वाट होती. व्यापारी मालाचे तांडे घेऊन जात. भिक्खूंकडे विसावा घेत आणि आपापल्या ऐपतीप्रमाणे दान देत. १२ क्रमांकाच्या विहारात घनामदड नावाच्या एका वाण्याचे नाव कोरलेले आहे. १० क्रमांकाच्या चैत्याची दर्शनी बाजू कटहादी नावाच्या माणसाने दिली. कुणी खांब दिला, कुणी चित्र दिले. गावात देऊळ बांधताना कुणी दार देतो, कुणी घंटा देतो, तसेच हे.

भिंतीवरची माती

चित्रांच्या लेण्यांत जोडे बाहेर काढून जावे लागते. आत अंधार असतो. मंद दिवे लावलेले असतात. पहिल्याने काहीच दिसत नाही. जरा थांबावे. डोळे सरावले की भिंतीतून माणसे बाहेर येऊ लागतात. राजे, दासी, हत्ती, माकडे, फळविक्ये, मुले. आणि १ क्रमांकाच्या लेण्यात आमच्या वर्गातल्या चित्रातला तो कमळवाला! त्याला पद्मपाणी म्हणतात. पद्म म्हणजे कमळ, पाणी म्हणजे हात. तो बोधिसत्त्व आहे. बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेला आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी झटणारा, तो बोधिसत्त्व.

एका ठिकाणी भिंतीचा पोपडा पडलेला होता. मावशी जवळ गेल्या, हात मागे बांधून वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, यात तर धानाचा कोंडा हाय! हे तर आपल्या भिंतीवानीच सारवलेलं हाय."

मावशींनी बरोबर ओळखले. कारागिरांनी आधी दगड खडबडीत ठेवला. त्यावर माती, गवत, धानाचा तूस आणि वाळू कालवून गिलावा दिला. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात दिला. वर चुन्याची पातळ सफेती. ती वाळली की चित्र काढले. लाल आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा. पांढरा चुन्याचा. काळा काजळीचा. हिरवा एका हिरव्या दगडाचा. निळा मात्र फार दुरून आला. तो अफगाणिस्तानातल्या डोंगरातून निघणारा मोलाचा दगड. तो कुटून रंग केला. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंकासारखे चिकट द्रव्य घालीत.

चित्रांत गोष्टी आहेत. बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या या गोष्टींना जातक म्हणतात. एक गोष्ट सहा सुळ्यांच्या हत्तीची आहे. एक पांढरा हत्ती होता. त्याला सहा सुळे होते. त्याच्या दोन राण्यांपैकी एकीच्या मनात मत्सर आला. ती त्या रागात मेली आणि पुढच्या जन्मी माणसांची राणी झाली. तिने हत्तीचे सुळे आणायला शिकारी पाठविला. शिकाऱ्याने बाण मारला. हत्तीने त्याला मारले नाही. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा हत्तीनेच त्याला मदत केली. सुळे राणीपुढे आले. ते पाहताच राणीला मागचे सारे आठवले आणि तिचे काळीज फुटले.

गोष्ट संपली तेव्हा लेण्यात कुणी बोलत नव्हते. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी ही भिंतच पोथी होती.

दोन नावे

आता १० क्रमांकाच्या लेण्यात घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या मंडळींत पन्नाशीचे एक भाऊ होते. जन्मभर त्यांनी अंगठा उठवला. यंदा ते सही करायला शिकले. तेव्हापासून जिथे जागा मिळेल तिथे ते नाव लिहीत. धुळीत लिहीत, पाटीवर लिहीत, बैलगाडीच्या फळीवर खडूने लिहीत. आम्हालाही त्याचे कौतुक वाटे.

त्या लेण्यात भाऊंनी खाली पडलेला एक खडा उचलला आणि खांबाकडे वळले. वाटाड्याने हलकेच त्यांचा हात धरला. म्हणाला, "काका, आधी हे पाहा." त्याने एका खांबावर उंचावर बोट दाखवले. तेथे पुसट इंग्रजी अक्षरे होती.

ती जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. २८ एप्रिल १८१९ रोजी तो वाघाच्या शिकारीला या रानात आला होता. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होती. पण बाहेरच्या जगाला ती या साहेबामुळे कळली. तेव्हा लेण्यात माणूसभर गाळ आणि दगड साचले होते. त्यावर उभे राहून त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. म्हणून ती आज उंचावर दिसतात. जिथे कोरली तिथे बोधिसत्त्वाचे चित्र होते.

भाऊंनी विचारले, "त्यानं लिवलं ते चालते, अन् म्या लिवलं ते नाही?"

प्रश्न खरा होता. वाटाडा म्हणाला, "त्यानंही लिहायला नको होतं, काका. ते चित्र परत येणार नाही. तो एकटा होता. आता वर्षाला लाखो माणसं येतात. एकेकानं एकेक नाव लिहिलं तर चित्र उरेल का?"

मग तो आम्हाला बाहेर घेऊन गेला. वर कमानीपाशी जुनी अक्षरे कोरलेली होती. म्हणाला, "हे कटहादीचं नाव. दोन हजार वर्षांचं. त्यानं ही कमान दिली. म्हणून त्याचं नाव इथं आहे."

भाऊ वर पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बाई, वाचा बरं."

आम्हाला वाचता येईना. ती ब्राह्मी लिपी आहे. आपली देवनागरी तिच्याच वंशातली, पण अक्षरे ओळखू येत नाहीत. त्या कमानीखाली आम्ही शिकविणारे आणि शिकणारे सारे सारखेच निरक्षर उभे होतो. शेकडो वर्षे ही लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज पंडिताने जुन्या नाण्यांवरची आणि लेखांवरची अक्षरे जुळवीत जुळवीत ती उलगडली. तेव्हा कुठे कटहादी पुन्हा बोलू लागला.

भाऊंनी हातातला खडा खाली ठेवला.

चित्रे कशाने गेली?

सगळी हानी नाव लिहिणाऱ्यांनी केली असे नाही. पावसाचे पाणी डोंगरातून झिरपते. किडे गिलाव्यातला कोंडा खातात. वटवाघळांच्या घाणीने रंग जातो. चित्रे टिकावीत म्हणून मागे काही लोकांनी त्यावर रोगण लावले. त्यांचा हेतू चांगला होता. पण रोगण पिवळे पडले आणि चित्रे झाकोळली. ते काढण्याचे नाजूक काम पुढे करावे लागले. आपल्या श्वासातली वाफसुद्धा भिंतीला बाधते. म्हणून आत गर्दी करू देत नाहीत.

"नकला काढून ठेवल्या तर?" एकाने विचारले. तेही झाले होते. रॉबर्ट गिल नावाच्या सैनिक चित्रकाराने १८४४ पासून कित्येक वर्षे येथे राहून नकला केल्या. त्या विलायतेत नेल्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. मग ग्रिफिथ्स नावाच्या चित्रकाराने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. नकला दोनदा जळाल्या. मातीच्या भिंतीवरची मूळ चित्रे मात्र अजून आहेत. १९८३ साली अजिंठ्याची गणना जागतिक वारशात झाली.

शेवटी २६ क्रमांकाचे लेणे पाहिले. तेथे आडवे झालेले बुद्ध आहेत. मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली. हे त्यांचे महापरिनिर्वाण, म्हणजे शेवटची निद्रा. खाली शिष्य शोक करीत आहेत. आजींनी लांबूनच हात जोडले. आम्हीही थोडा वेळ तेथेच बसलो.

तुम्हाला जायचे असेल तर

सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी लवकर पोचावे. पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. जोडे सहज काढता येतील असे असावेत. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते. भाडे आधी ठरवून घ्यावे. आत चित्रांवर लख्ख दिवा पाडून फोटो काढू नये. भिंतीला हात लावू नये. हातावरचा घाम आणि तेल रंगाला मारते. आणि सगळी लेणी धावत पाहण्यापेक्षा १, २, १०, १२, १६, १७, १९, २४ आणि २६ एवढी सावकाश पाहावीत.

इतके दूर जाणे होत नसेल तर आपल्या जवळही लेणी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला विजासन टेकडी आहे. नागपूर-चंद्रपूर वाटेवर भांदक स्टेशनला उतरावे. टेकडीच्या पोटात सरळ गेलेली लांब दालने आहेत आणि आत बसलेले बुद्ध आहेत. सकाळी निघून रात्री घरी येता येते.

रामदासपेठेत परत आल्यावर आम्ही वर्गात एक वही ठेवली. ज्याला जे आठवेल ते त्याने लिहावे. पहिल्या पानावर भाऊंनी लिहिले. अक्षरे मोठी आणि वाकडी होती. त्यांनी लिहिले, "अजिंठा पाहिला. आधी छत मग जमीन. काही तोडले नाही." खाली त्यांनी आपली पूर्ण सही केली.